वरचं शेत, खालचं शेत

केझाया टॉलिव्हर सकाळी उठली की तोंड धुण्याआधी ओसरीवर येऊन खाली बघायची. खाली ओढ्याकाठी तिच्या धाकट्या बहिणीचं, झिल्फाचं घर होतं. त्या घराच्या धुराड्यातून धूर निघत असला तर केझाया म्हणायची, बघा, लवकर उठून दाखवतेय. धूर नसला तर म्हणायची, एवढं पिकतंय म्हटल्यावर लोळायला काय झालं. तिचा नवरा रॅन्सम खेचराला दाणा घालता घालता हे ऐकायचा आणि गप्प राहायचा. एकदाच तो म्हणाला होता, "धुराला तरी सोड गं बाई. त्यानं तुझं काय केलंय?" त्या दिवशी त्याच्या ताटात करपलेली मक्याची भाकर आली.

सायप्रस ओढ्याच्या आमच्या वस्तीत केझायाच्या जळफळाटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. चर्चमध्ये तिच्यासमोर झिल्फाचं कौतुक करायचं नाही, एवढं लहान पोरांनाही कळायचं. पण ती मुळात वाईट बाई नव्हती. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की पहिली कढई तिच्या घरून यायची. फक्त बहिणीचं नाव निघालं की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि ती आठी आली कुठून हे सांगायचं तर मागं जावं लागेल.

गुलामीत त्या दोघी नदीपलीकडच्या एका मोठ्या मळ्यावर होत्या. केझाया आठ-नऊ वर्षांची आणि झिल्फा अजून अंगावर पिणारी, तेव्हा त्यांची माय व्हायनी लुइझियानाच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. सकाळी गाडी आली आणि दुपारी माय नव्हती. त्या दिवसापासून झिल्फाला केझायानं वाढवलं. कापसाच्या ओळीत तिला पाठीशी बांधून वेचणी केली, भाकरी चावून मऊ करून तिला भरवली, मालकिणीच्या हाताखाली कामाला जायची वेळ आली तेव्हा मार खाऊन तिला आपल्याबरोबर ठेवलं. माय गेली त्या दिवसाचं केझायाला फारसं काही आठवत नसे. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी होती. गाडीमागं धावताना पडले असेन, असं ती म्हणायची.

मुक्ती आली ती जूनच्या उन्हात. मळ्यावरची माणसं पांगली. दोघी बहिणींनी दोन मित्रांशी लग्नं केली. केझायाचा रॅन्सम बुटका, शांत, हाताला अचूक. झिल्फाचा अब्सलम उंच, गाणारा, मोठमोठी स्वप्नं बघणारा. दोघांनी काही वर्षं जंगलात रेल्वेसाठी लाकडी स्लीपर तोडले. मग ओढ्याकाठची एक गोरी विधवा आपल्या माहेरी टेनेसीला निघाली. तिला ती पडीक जमीन कुणाच्या तरी गळ्यात मारायचीच होती. गोऱ्यांनी ती घेतली नाही, कारण निम्मी जमीन रेताड टेकडी होती आणि निम्मी पाणथळ, झुडपांनी भरलेली, डासांची. या दोघांनी मिळून ती घेतली.

वाटणीच्या दिवशी चौघं टेकडीवर उभे राहिले. अब्सलम म्हणाला, "सिस्टर केझाया मोठी आहे. आधी तिनं निवडावं."

केझायानं क्षणभरही विचार केला नाही. तिनं टेकडी मागितली. सगळ्यांना वाटलं की वारा, गोड पाण्याचा झरा आणि ओकची मोठी झाडं बघून तिनं ती घेतली. खाली हिवतापानं माणसं मरतात, हेही सगळे जाणून होते. पण खरं कारण तिनं फक्त रॅन्समला सांगितलं. टेकडीवरून मोठा रस्ता दिसत होता. पूर्वेकडून, लुइझियानाकडून येणारा रस्ता. मुक्तीनंतर हरवलेली माणसं त्या रस्त्यानं आपापली लेकरं शोधत येत होती. एक दिवस आपली मायही येईल, आणि येईल तेव्हा आपल्याला लांबूनच दिसेल, असा तिचा हिशेब होता.

पहिली दोन-तीन वर्षं तिच्या निवडीचं कौतुक झालं. खाली अब्सलम आणि झिल्फा गुडघाभर चिखलात झुडपं उपटत होते, चर खणून पाणी ओढ्याकडं काढत होते, तापानं फणफणत होते. त्यांचं पहिलं मूल गेलं ते तापानंच. तेव्हा केझायाच खाली उतरली, बहिणीला उचलून वर घेऊन आली, महिनाभर तिला भरवलं. त्या काळात ती झिल्फावर जीव टाकत होती. द्यायचं काही असलं की केझायाचा हात सैल सुटायचा.

मग खालची जमीन लागवडीला आली. झुडपं गेली, चर वाहू लागले आणि गाळाची काळीभोर माती उघडी पडली. त्या मातीत मका असा वाढला की घोड्यावरचा माणूस आत दिसेना. कापसाची बोंडं मुठीएवढी. आणि ऊस! अब्सलमनं ओढ्याच्या वळणावर ऊस लावला, खेचरानं फिरवायचा चरक आणला, गुऱ्हाळ घातलं. शरद ऋतूत गुऱ्हाळ पेटलं की काकवीचा वास टेकडी चढून सरळ केझायाच्या ओसरीवर यायचा. सगळी वस्ती खाली जमायची. पोरं उसाची चिपाडं चोखत, म्हातारे कढईभोवती बसून गप्पा मारत, तरुण मंडळी नाचत. परतताना प्रत्येकाच्या हातात काकवीचं मडकं असायचं.

वर टेकडीवर रेती होती. कापूस खुरटा, मका कमरेएवढा. रताळी, भुईमूग आणि कलिंगडं मात्र उत्तम यायची. केझायाच्या कलिंगडासारखं गोड कलिंगड त्या भागात दुसरं नव्हतं, आणि जूनमध्ये मुक्तीच्या सणाला पंगतीत तिचीच कलिंगडं फोडली जायची. लोक वाहवा करायचे. पण केझायाला ती वाहवा ऐकू येत नसे. कुणी तरी पुढं हमखास म्हणायचं, "आता शरदात झिल्फाकडची काकवी आली की झालं," आणि तेवढं वाक्य तिच्या कानात घर करून बसायचं.

सगळ्यात झोंबायचं ते हे की जमीन तिनंच निवडली होती. कुणी फसवलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

आणि मग माय आली.

ती मोठ्या रस्त्यानं आलीच नाही. लुइझियानातून एका चर्चकडून दुसऱ्या चर्चकडं विचारत, कुणाच्या गाडीत बसून, बरीचशी चालत ती आली, आणि शेवटी कुणीतरी तिला ओढ्याकाठची जवळची पायवाट सांगितली. उतारावरून ओढा ओलांडला की पहिलं घर झिल्फाचं. झिल्फा अंगणात मोठ्या काळ्या कढईत कपडे उकळत होती. केझाया त्या दिवशीही ओसरीवर शेंगा सोलत रस्त्याकडं बघत बसली होती. संध्याकाळी अब्सलमचा निरोप आला तेव्हा शेंगांची परडी तिच्या मांडीवरून घरंगळली. ती अनवाणी धावत खाली गेली.

माय चुलीपाशी बसली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, डोक्याला निळं फडकं. केझायानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. मायनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण ती काही बोलली नाही. तिची नजर चुलीतल्या विस्तवावर होती. केझायाला वाटलं, दमली असेल. उद्या बोलेल.

दुसऱ्या दिवशी रॅन्सम गाडी घेऊन मायला वर आणायला गेला. माय म्हणाली, मी इथंच राहते. टेकडी चढायला नको वाटतं. केझायाला हे कळलं तेव्हा ती चुलीसमोर उभी होती. तिनं मायसाठी केलेली कोंबडी परातीतून उचलली आणि सगळी कुत्र्यासमोर ठेवली.

त्यानंतरच्या काळात केझाया नुसती जळत राहिली. वाट मी बघितली आणि आली ती तिच्याकडं. धाकटीला तर माय म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, ती तर अंगावर पिणारी होती. मायचा आवाज माझ्या कानात होता, मायच्या हातची चव माझ्या जिभेवर होती, आणि आज तिच्या पोरांना माय गोष्टी सांगते. रॅन्समनं समजावलं की खाली जागा मोठी आहे, म्हाताऱ्या माणसाला चढ नको असतो. केझाया म्हणाली, "तिला खालचा मका दिसला. खालचा चरक दिसला. माणूस भरल्या घरात जातं, हे का मला कळत नाही?"

"माय मका बघून राहील, असं वाटतं तुला?"

"मग काय बघून राहिली? मला सांग की तू."

रॅन्सम खेचराला पाणी दाखवायला उठला.

तिनं त्याच्याकडून घराला एक खोली वाढवून घेतली. पूर्वेला खिडकी, ऊन आत येईल अशी. स्वतः गोधडी शिवली, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची, त्यात आपल्या लग्नाच्या झग्याचाही तुकडा घातला. झुलती खुर्ची ठेवली. एका रविवारी चर्च सुटल्यावर मायला ती खोली दाखवायला आणलं. मायनं खोलीभर नजर फिरवली, गोधडीवर हात ठेवला, म्हणाली, "छान केलीस हं. फार छान केलीस." जेवली, आणि ऊन कलायच्या आत अब्सलमच्या गाडीत बसून खाली निघून गेली.

दर रविवारी असंच. यायची, जेवायची, जायची. केझायाकडं बघून बोलायची नाही, कुठंतरी तिच्या खांद्यापलीकडं बघून बोलायची. झिल्फाशी मात्र हसून, वाद घालून, रागावून बोलायची. "मीठ जास्त घातलंस बघ!" असं ती झिल्फाला म्हणाली की केझायाला वाटायचं, मला का नाही रागावत? माझंही मीठ जास्तच झालंय आज.

त्या हिवाळ्यात केझायानं दोन्ही शेतांच्या मध्ये कुंपण घालायचं काढलं. डुकरं येतात, हे निमित्त. रॅन्सम म्हणाला की डुकरं आपलीच खाली जातात, त्यांची वर येत नाहीत. तिनं ऐकलं नाही. ओक फोडून लांब वासे काढले, एकावर एक तिरके रचले, आणि खालून वर येणारी गाडीवाट बंद करून टाकली. आता अब्सलमला चर्चला जायला ओढ्याला वळसा घालावा लागायचा. त्यानं काही कुरकुर केली नाही, फक्त गाणं म्हणत म्हणत लांबून जायला लागला. मायला मात्र एवढा हेलपाटा झेपेना. तिचं रविवारचं येणंही बंद झालं. केझायानं स्वतःच्या हातांनी एवढंच मिळवलं होतं, आणि हे तिला कळत होतं, म्हणून तर ती जास्तच चिडायची.

पुढच्या वसंतात पूर आला. वरच्या भागात दिवसच्या दिवस पाऊस कोसळत होता, मग नदी फुगली आणि ओढ्याचं पाणी उलटं फिरून शेतात शिरलं. भर दुपारी रॅन्सम धावत आला आणि त्यानं केझायाला ओसरीवर बोलावलं. खालचं अख्खं शेत चकाकत होतं. मक्याचे कोवळे शेंडे पाण्यावर तरंगल्यासारखे दिसत होते. उसाच्या वळणावर तर नुसती नदीच होती.

केझायाच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते तिनं पुढं म्हातारपणी शेजारणीला सांगितलं होतं. तिला बरं वाटलं होतं. तेवढ्यात तिला पाण्यातून खेचर येताना दिसलं. खेचरावर माय होती, अब्सलम छातीभर पाण्यात लगाम धरून, मागं झिल्फा पोरांना एकमेकांना बांधून आणत होती. आणि ती सगळी त्या कुंपणाकडं येत होती.

मग केझाया धावली. रॅन्सम पोचायच्या आधी तिनं वासे ओढायला सुरुवात केली होती. ओले, जड वासे; ते तिच्या पायावर पडले, तळहात सोलून निघाले. खेचर अडलं, मागं पाणी चढत होतं, पोरं रडत होती. माय खेचरावरून तिच्याकडं बघत होती, आणि या वेळी तिनं नजर वळवली नाही. वाट मोकळी झाली. सगळे वर आले.

त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत दोन्ही घरं टेकडीवर राहिली. माय त्या पूर्वेच्या खिडकीच्या खोलीत. केझायाला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, पण माय ताट घ्यायची ती झिल्फाच्या हातून. केस विंचरून घ्यायची ती झिल्फाकडून. केझाया पाणी घेऊन गेली तर म्हणायची, ठेव तिथं, पिते मी. एक दिवस केझायानं मायसाठी रताळी भाजून, लोणी घालून नेली, तर मायनं ती झिल्फाच्या पोराला दिली. केझाया खोलीतून बाहेर आली. झिल्फा परसात कपडे उकळत होती. केझायानं तिच्या हातातली काठी हिसकावून घेतली.

"काय सांगतेस तू तिला माझ्याबद्दल?" ती म्हणाली. "काय भरवलंयस तिच्या मनात? मी कुंपण घातलं हे? मी काकवी घेत नाही तुझी, हे?"

झिल्फा तशी हसरी, कधी न भांडणारी. त्या दिवशी मात्र तिचा आवाज चढला.

"ती आली त्या दिवशी मी अशीच कपडे उकळत होते," ती म्हणाली. "समोर येऊन उभी राहिली. मला ओळखलं नाही. तिनं विचारलं, केझाया नावाची कुणी राहते का इथं? माझं नाव नाही विचारलं, सिस. मी मेलेच असेन असं धरून चालली होती ती. तान्हं पोर आईवाचून कुठं जगतं? मी म्हटलं, मी झिल्फा. तर म्हणाली, कोण झिल्फा?"

केझायानं उगारलेली काठी खाली घेतली.

"आणि घरी बसून ती कुणाबद्दल बोलते, माहितेय? केझी अशी चालायची, केझी अशी हसायची, केझीला मध आवडायचा. माझ्याबद्दल सांगायला तिच्याकडं काहीच नाही. मी गप्प ऐकते." झिल्फानं ओल्या हातानं डोळे पुसले. "मला आई नव्हतीच कधी लागली. मला तू होतीस. तुझ्या पाठीवर वाढले मी. ती आली आणि तू मला टाकलंस. तुला आई हवी झाली आणि मी नकोशी झाले. मला कुणी विचारलं का, मला काय वाटतं?"

तेव्हा केझायाला कळलं की खाली, त्या काळ्या मातीच्या घरात, इतके दिवस दुसरंही कुणीतरी जळत होतं. तिनं काठी परत दिली. जवळ घ्यावं असं तिला वाटलं, पण त्या दोघींना ती सवय राहिली नव्हती. ती म्हणाली, "मधाचं काय म्हणाली ती?"

"की तू पोळ्यात हात घातला होतास. तोंड सुजलं होतं."

"ते मला आठवत नाही."

"तिला आठवतं सगळं. जाऊन विचार तिला. भांडायचं तर तिच्याशी भांड. माझ्याशी काय भांडतेस?"

केझाया खोलीत गेली. माय खिडकीत बसली होती. केझायानं खुर्ची ओढली, तिच्या अगदी समोर बसली, आणि सरळ विचारलं की तुला माझं काय वावडं आहे.

मायनं तिचा उजवा हात हातात घेतला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. करंगळीवरून अंगठा फिरवत राहिली.

"ही कशानं वाकडी झाली, माहितेय तुला?"

केझाया म्हणाली की गाडीमागं धावताना पडले असेन.

"तू धावली नाहीस. तू सोडतच नव्हतीस," माय म्हणाली. "माझा झगा धरला होतास, दोन्ही हातांनी. तो माणूस चाबूक घेऊन गाडीवरून उतरत होता. त्यानं तुला फोडून काढलं असतं. म्हणून मी तुझी बोटं सोडवली. एक एक करून. ही सुटेना. मी ती मागं वाकवली, आणि कट्कन आवाज आला." तिनं ती करंगळी मुठीत झाकली. "पहिल्या दिवशी तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस तेव्हा हा हात माझ्या गुडघ्यावर होता. तेव्हापासून मला तुझ्याकडं बघवत नाही. झिल्फाकडं बघवतं. तिचं मी काही मोडलेलं नाही."

केझायानं आपल्या करंगळीकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "दुखत नाही ती."

"पावसाळी हवेत दुखत असेल."

"जरा दुखते," केझाया म्हणाली. त्या दोघी नंतर काय बोलल्या हे कुणाला ठाऊक नाही, पण संध्याकाळी मायनं जेवताना केझायाला सांगितलं की रताळी नीट भाजली नाहीस, मधे कच्ची आहेत. रॅन्सम सांगायचा की केझायाचा चेहरा त्या वेळी असा उजळला, जसं तिला कुणी शेत बक्षीस दिलंय.

पाणी ओसरलं तेव्हा खाली काही उरलं नव्हतं. घर तिरकं झालेलं, चरक गाळात रुतलेला, डुकरं मेलेली. बियाण्याचा मकासुद्धा गेला. गावातल्या कापसाच्या गिरणीचा गोरा मालक लगेच घोड्यावरून एक चक्कर मारून गेला. त्याचा डोळा त्या जमिनीवर आधीपासून होता. अब्सलम पार खचला. एका दुपारी तो ओसरीवर रॅन्सम आणि केझायासमोर बसला आणि म्हणाला की आता आपल्याच्यानं पुन्हा उभं करवत नाही. पोरांना घेऊन शहरात जावं, रेल्वेत काम मिळेल. जमीन गिरणीवाल्याला देण्यापेक्षा तुम्ही घ्या. फेडीचं बघू सावकाश.

रॅन्समनं केझायाकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ती काय म्हणणार याबद्दल तिथं कुणालाच शंका नव्हती.

केझाया उठली आणि एकटीच खाली गेली. पुरानं नवा गाळ आणून टाकला होता, ओला, काळा, लोण्यासारखा. ती त्यात अनवाणी उभी राहिली. बोटांमधून माती वर आली. ही जमीन तिला किती हवी होती, हे तिचं तिलाच तेव्हा पुरतं कळलं. अजूनही हवी होती. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालली, मोडक्या घरात डोकावली, आणि तिरक्या ओसरीवर झिल्फाची एक वहाण चिखलात पडली होती ती उचलून, झटकून, कोरड्या फळीवर ठेवली. मग वर आली.

"मला नको," ती म्हणाली.

अब्सलमनं विचारलं, का?

"मी ती घेतली तर गावभर होईल की केझाया बहिणीच्या जमिनीवर डोळा ठेवून होती."

"होतीसच की," रॅन्सम म्हणाला.

"होते. म्हणून काय गावाला खरं ठरू देऊ?"

अब्सलम हसला, पूर आल्यापासून पहिल्यांदाच. मग केझायानं आपला बेत सांगितला, आणि तो तिनं चिखलात चालतानाच पक्का केला असावा. या वर्षी दोन्ही घरांनी वरचं खायचं: पेवात रताळी आहेत, भुईमूग आहे. खाली पाणी सुकलं की सगळ्यांनी मिळून उतरायचं, वरून रताळ्याचे वेल नेऊन त्या गाळात लावायचे, उसाचं बेणं शेजारच्या वस्तीतून आणायचं. पुढंही वेगवेगळं कसायचंच नाही. पूर आला तर टेकडी, कोरडं गेलं तर ओढा. खेचरं एकत्र, गुऱ्हाळ एकत्र, कोठार एकच. "आणि गिरणीवाला परत आला," ती म्हणाली, "तर त्याला माझ्याशी बोलायला लावा."

तो परत आला, दोनदा आला. केझायानं त्याला ओसरीवर बसवून, ताक देऊन, इतक्या नम्रपणे आणि इतका वेळ आपल्या नवऱ्याच्या पोटदुखीबद्दल सांगितलं की तिसऱ्यांदा तो आला नाही. आजूबाजूच्या कितीतरी आपल्या माणसांच्या जमिनी त्या वर्षांत गेल्या. कुणाच्या पुरात, कुणाच्या दुष्काळात, कुणाच्या धाकदपटशानं. या दोन घरांची राहिली. चार वर्षांनी पाऊस आलाच नाही, टेकडीवरचे भुईमुगाचे वेल कागदासारखे वाजायला लागले, तेव्हा खालच्या मक्यानं दोन्ही घरं तगली. पण त्या वर्षी प्रत्येक पोतं कोठारात येताना केझायाच्या कपाळावर ती जुनी आठी दिसायची. वरचं खाताना ती कशी प्रसन्न असायची आणि खालचं खाताना कशी मुकी, यावरून झिल्फाची पोरं तिची नक्कल करायची.

माय पुढं बरीच वर्षं जगली. राहिली ती खालीच, तिथली तिला सवय झाली होती, पण थंडीचे दोन महिने वर यायची. गेली तीही खालीच. तिला टेकडीवर ओकखाली पुरलं, कारण खाली पुराचं भय. पुढं सगळ्या वस्तीचीच स्मशानभूमी तिथं झाली. मायच्या अंत्यविधीला झिल्फा इतक्या मोकळेपणानं रडली की बायकांनी तिलाच धरून ठेवलं, आणि केझाया कोरड्या डोळ्यांनी बाजूला उभी राहिली. घरी आल्यावर रॅन्समला म्हणाली, "रडणंसुद्धा तिलाच चांगलं येतं."

रॅन्सम गेला, मग अब्सलम गेला. पोरं मोठी होऊन त्यांनी शेत हाती घेतलं. दोघी म्हाताऱ्या बहिणी शेवटी एकाच घरात राहायला लागल्या, आणि सकाळपासून भांडायच्या. कुणाच्या पोळ्या फुगतात, पाद्री कुणाशी जास्त वेळ बोलला, कुणाच्या नातीला शिक्षिकेची नोकरी आधी लागली. ऐकणाऱ्याला वाटायचं की आता उद्या वेगळ्या होतील. उद्या त्याच ओसरीवर, त्याच दोन खुर्च्यांत.

केझायानं अंथरूण धरलं तो शेवटचा हिवाळा. वस्तीतून माणसं येऊ लागली. कुणी कोंबडीचा रस्सा आणला, कुणी रताळ्याचा गोड केक, कुणी भेंडीचं लोणचं, एकानं तर चार वस्त्यांपलीकडून ससा मारून आणला. केझायाला काही जात नव्हतं. टेबल भरून गेलं. झिल्फा पायथ्याशी बसून तिचे पाय चोळत होती, आणि बराच वेळ त्या टेबलाकडं बघत होती.

"मी गेल्या वर्षी एवढी आजारी पडले," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा मला फक्त दोन कोंबड्या आल्या."

केझायानं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की उशाकडच्या बायका सांगायच्या, आम्हाला वाटलं आता ही उठूनच बसते.

"एक तर मीच पाठवायला लावली होती," केझाया म्हणाली, आणि पाय चोळणं थांबवू नकोस म्हणून खूण केली.